बांधकामाला पाणी पाजणारे : नगरच्या तटापासून भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत

१/
फेब्रुवारी १५९६. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याला अकबराचा पुत्र शाहजादा मुराद याच्या फौजेचा वेढा पडलेला आहे. मोगलांनी तटाच्या पायापर्यंत सुरुंग खणत आणले आहेत. किल्ल्यातील लोकांनी त्यांतील काही हुडकून निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी चिलखत चढवून, हाती तलवार घेऊन स्वतः खिंडारावर उभी राहिली. दिवसभराचा हल्ला परतला. रात्री कुणी झोपले नाही. पहाट झाली तेव्हा ते खिंडार माणसाच्या उंचीहून वर पुन्हा बुजलेले होते.

२/
हा प्रसंग आपण शौर्यकथा म्हणून ऐकत आलो आहोत, आणि ती शौर्यकथा आहेच. आज मात्र तो एका गवंड्याच्या नजरेने पाहू. एका रात्रीत भिंत उभी करता येते का? दगड रचता येतात, माती ठोकता येते, लाकडे अडकवता येतात. पण चुना एका रात्रीत धरत नाही. म्हणजे त्या पहाटे मोगलांपुढे जे उभे होते ते आकाराने तट होते. बळाने तो केवळ एक भराव होता. शेजारचा तट वेगळा होता. हुसेन निजामशहाने १५५९ नंतर मातीच्या जागी दगडात बांधून घेतलेला तो तट तेव्हा पस्तीसेक वर्षांचा होता.

३/
एकाच ठिकाणचा दगड, एकच किल्ला. तरी दोन भिंतींच्या बळात एवढे अंतर कशामुळे? उत्तर आहे काळ आणि ओलावा. दगडांना सांधणारा चुना किंवा सिमेंट थापल्यानंतर त्याला योग्य ओल, योग्य ऊब आणि पुरेसे दिवस देणे, याला आज बांधकामावर ‘क्युरिंग’ म्हणतात. आपले गवंडी साध्या शब्दांत सांगतात : ‘पाणी मारणे’. या धाग्यात याच दुर्लक्षित कामाचा इतिहास पाहू. त्यासाठी नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल.

४/
प्रथम हे ध्यानी घ्यावे की दगडी वास्तू उभी राहण्याचे मार्ग अनेक आहेत. सर्वांत जुना मार्ग वजनाचा. अकोले तालुक्यात रतनवाडी येथे अमृतेश्वराचे देखणे शिवमंदिर आहे. ते शिलाहारकालीन मानले जाते. घडीव दगड एकमेकांत बसवून, खाचा आणि भार यांच्या जोरावर उभारण्याची ही रीत. येथे सांधणारा लेप नाही, म्हणून त्याला पाणी पाजण्याचा प्रश्नही नाही. मात्र त्याची किंमत पाथरवटाच्या छिन्नीने मोजावी लागते, कारण प्रत्येक दगड शेजारच्या दगडासाठी तंतोतंत घडवावा लागतो.

५/
मैल-दीड मैल लांबीचा तट, शेकडो कमानी, घुमट, हौद आणि पाणी वाहून नेणारे पाट उभारायचे झाले की ही रीत परवडत नाही. ओबडधोबड दगडही चालावेत आणि भिंत मात्र एकसंध व्हावी, यासाठी दगडांमधील पोकळी भरून त्यांना धरून ठेवणारे काहीतरी हवे. ते काम चुन्याने केले. निजामशाहीतील नगरच्या वास्तू पाहताना आपली दृष्टी काळ्या दगडावर जाते. त्या दगडांच्या सांध्यांत बसलेल्या चुन्याकडे फारसे कुणी पाहत नाही.

६/
चुन्याचे चरित्र मोठे गमतीचे आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी टाकले की ती रसरसून फुटते, तापते आणि विरी गेलेला चुना तयार होतो. त्यात वाळू मिसळून तो भिंतीत घातला की पुढे महिनोन्‌महिने तो हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भट्टीत दगडाची भुकटी करायची आणि भिंतीत तिचा पुन्हा दगड करायचा.

७/
या परतीच्या प्रवासात पाण्याची भूमिका नाजूक आहे. हवेतील वायू आधी ओलाव्यात विरघळतो आणि मगच चुन्याशी संयोग पावतो. भिंत कडकडीत वाळली तर ही क्रिया थांबते आणि चुना बोटाने खरवडता येईल असा भुसभुशीत राहतो. उलट भिंत सतत पाण्यात बुडवून ठेवली तर तिची सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरतात, हवा आत शिरत नाही आणि क्रिया पुन्हा अडते. म्हणून साध्या चुन्याला हवी असते ती मंद ओल : शिंपडावे, थोडे सुकू द्यावे, पुन्हा शिंपडावे. हे वेळापत्रक शास्त्राने नंतर समजावले. जाणत्या हातांना ते आधीच ठाऊक होते.

८/
येथे एक मोठी अडचण येते. हवा बाहेरून आत जाते आणि बाहेरचा थर कठीण झाला की आतला रस्ता आणखी अरुंद होतो. भिंत हातभर रुंद असेल तर प्रश्न नाही. पण तट अनेक हात रुंद असेल, किंवा एखादे धरण पायाशी कित्येक मीटर जाड असेल, तर त्याच्या पोटातल्या चुन्यापर्यंत हवा पोहोचणार तरी कशी? तेथे असा चुना हवा जो हवेवाचून, केवळ पाण्याच्या साहाय्याने कठीण होईल. पाण्याशी संयोग पावून कठीण होणाऱ्या अशा चुन्याला जलचुना म्हणतात.

९/
हा शोध जगात अनेकांनी अनेकदा लावला. रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख घातली आणि समुद्रात धक्के बांधले. इंग्लंडच्या जॉन स्मीटनने १७५६ ते १७५९ या काळात एडीस्टोनचे दीपगृह उभारताना ताडले की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही धरतो. फ्रान्सच्या लुई व्हिकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो चुना कृत्रिमरीत्या बनवण्याची पद्धत बसवली. गमक एकच : मातीतील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते.

१०/
आपल्याकडे हेच काम दोन गोष्टींनी केले. पहिली म्हणजे दख्खनच्या काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे खडे, अर्थात कंकर. या खड्यांत मातीचा अंश मुळातच असतो, म्हणून त्यांच्यापासून भाजलेला चुना थोडाबहुत जलचुना असतो. दुसरी म्हणजे सुरखी : भाजलेल्या विटांचे बारीक चूर्ण. ठरावीक उष्णतेला भाजलेली चिकणमाती चुन्याशी संयोग पावण्यास उत्सुक होते. रोमनांना जे ज्वालामुखीने दिले ते आपल्या कारागिरांनी विटांच्या भट्टीतून मिळवले.

११/
हे मिश्रण चुन्याच्या घाणीत मळले जाई. जमिनीत गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल. घाणी जितकी नीट फिरेल तितका चुना आणि सुरखी एकजीव होत. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालण्याची परंपराही देशभर आढळते. पण घाणीतून निघालेला चुना कितीही उत्तम असला तरी पुढचे काम उरतेच. सुरखी आणि चुना यांचा संयोग आठवडे, महिने चालतो, आणि तो ओल असेपर्यंतच चालतो. पाणी संपले की क्रिया संपली.

१२/
आता नगरची हवा ध्यानात घ्या. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख; नगर शहराकडे वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस. उन्हाळ्यात कोरडा वारा आणि चाळिशीचा पारा. ताज्या चुन्याचा याहून मोठा वैरी नाही. येथे बांधकाम टिकवायचे तर सावली, ओली तरटे आणि रोजचे पाणी यांची तजवीज करावी लागे. निजामशाहीने दूरच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवले होते, याचे आपण कौतुक करतो. त्या नळांचे आणि हौदांचे चुनेकामही कुणीतरी ओले ठेवून पक्के केले होते, हे त्या कौतुकात विसरायला नको.

१३/
सह्याद्री ओलांडून कोकणात उतरलो की चित्र उलटे होते. तेथे घरे, गडगे, विहिरी जांभ्याच्या चिऱ्यांच्या. नगरच्या बांधकामात हा दगड दिसत नाही, कारण जिल्हा काळ्या बेसॉल्टवर वसला आहे. नगरकडचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. त्याला जांभा समजू नये. जांभा तयार होतो तो उष्ण, पावसाळी हवेत. हजारो वर्षांच्या पावसाने खडकातील सिलिका आणि क्षार धुऊन नेले की मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची तांबडी, सच्छिद्र संयुगे उरतात. कोकण, गोवा आणि महाबळेश्वर-पाचगणीची पठारे ही त्याची घरे.

१४/
जांभ्याला जगाच्या शास्त्रात नाव मिळाले ते भारतातच. फ्रान्सिस बुकानन हा इंग्रजांच्या नोकरीतील वैद्य १८००-०१ मध्ये म्हैसूर, कॅनरा आणि मलबार या प्रदेशांतून फिरला. मलबारात अंगाडिपुरम येथे त्याने पाहिले की लोक जमिनीतून मऊ तांबडा खडक लोखंडी हत्याराने कापून काढतात आणि तो हवेवर राहिला की विटेसारखा कठीण होतो. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. विटेचा दगड, असा त्याचा सरळ अर्थ.

१५/
येथेच आपल्या विषयाचा सर्वांत सुंदर पेच आहे. चुन्याला कठीण व्हायला ओल लागते. जांभ्याला कठीण व्हायला ओल जावी लागते. खाणीतला ओला चिरा सुकताना त्यातील लोहसंयुगे घट्ट होतात, आणि मग तो पुन्हा भिजवला तरी पूर्वीसारखा मऊ होत नाही. म्हणून चिरे खाणीतून काढल्यावर काही काळ उघड्यावर ठेवायचे आणि मग वापरायचे, ही जुनी रीत. तोही एक प्रकारचा संस्कारच; फक्त पाण्याचा नव्हे, हवेचा. कंबोडियातील अंगकोरच्या मंदिरांचा आतला गाभा जांभ्याचा आणि बाहेरचे कोरीव अंग वालुकाश्माचे आहे, तेही याच गुणामुळे.

१६/
पण ज्या क्षणी आपण जांभ्याचा चिरा चुन्यात बसवतो, त्या क्षणी दोन विरुद्ध स्वभावांचे लग्न लागते. कोरडा सच्छिद्र चिरा ताज्या चुन्यातील पाणी झटकन पिऊन टाकतो आणि चुना तहानलेला राहतो. म्हणून चिरा लावण्यापूर्वी पाण्यात भिजवावा, ही गवंड्यांची शिस्त. विटांनाही तोच नियम. याउलट घट्ट बेसॉल्ट पाणी फारसे पीत नाही, म्हणून चुन्याचे पाणी चुन्यातच राहते. एकच पद्धत सर्वत्र चालत नाही. कोणता दगड, कोणता चुना, कोणती हवा, हे पाहून पाण्याचे वेळापत्रक ठरते.

१७/
आता या सर्व ज्ञानाची खरी परीक्षा जेथे झाली तेथे जाऊ. अकोले तालुका, शेंडी गाव, प्रवरा नदी. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीवर १९१० ते १९२६ या काळात भंडारदरा धरण उभे राहिले. उंची सुमारे ८२ मीटर, लांबी सुमारे ५०० मीटर, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. हा शेवटचा आकडा जिल्ह्यातील वृत्तपत्रवाचकांना तोंडपाठ असतो. प्रत्येक पावसाळ्यात धरण किती भरले याची बातमी त्याच आकड्याने मोजली जाते. हे धरण सिमेंट काँक्रीटचे नाही. ते चुन्यात बांधलेले दगडी धरण आहे.

१८/
सिमेंट का नव्हते? इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्येच घेतले होते. पण भारतात सिमेंटचे यशस्वी उत्पादन सुरू झाले ते १९१४ साली, पोरबंदरच्या कारखान्यात. भंडारदऱ्याचे काम त्याच्या आधी चार वर्षे सुरू झाले होते. परदेशी सिमेंट जहाजाने आणून सह्याद्रीच्या त्या दुर्गम खोऱ्यात चढवणे खर्चाचे होते. दगड डोंगरात होता आणि चुना देशातच भाजता येत होता. मुंबई इलाख्यातील अभियंत्यांच्या पाठीशी चुन्यात बांधलेल्या खडकवासल्याचा अनुभवही होता. ते धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले होते.

१९/
एवढ्या जाड बांधकामात चुन्याचा संथपणा दोष नव्हता, तर गुणही होता. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना पुष्कळ उष्णता सोडते. प्रचंड आकाराच्या काँक्रीटमध्ये ती उष्णता पोटात अडकते. बाहेरचे अंग निवते, आतले तापलेले राहते आणि तडे जातात. अमेरिकेत १९३० च्या दशकात हूव्हर धरण बांधताना काँक्रीटच्या पोटातून नळ घालून गार पाणी फिरवावे लागले ते याचसाठी. चुना मात्र सावकाश धरतो आणि उष्णता हळूहळू सोडतो. धरण थरांनी चढत असताना खालचे थर स्थिरावायला त्यामुळे अवधी मिळतो.

२०/
भंडारदऱ्याचे खोरे पावसाच्या बाबतीत नगर शहराचे दुसरे टोक आहे. घाटघर, रतनवाडी येथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. अशा ठिकाणी बांधकामाचा हंगाम म्हणजे पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने. म्हणजे पाणी भरपूर असलेल्या खोऱ्यातही ताजे काम नेमके उन्हा-वाऱ्यात होणार आणि त्याला हाताने पाणी द्यावे लागणार. अशा कामांवर घमेली आणि पाणी वाहणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा नेहमीच मोठा असे. थरावर थर चढतो तेव्हा खालचा थर ओला, स्वच्छ आणि खरबरीत असावा लागतो. नाहीतर दोन थरांमध्ये कच्चा सांधा राहतो.

२१/
डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. धरणाला ‘विल्सन डॅम’ आणि जलाशयाला ‘आर्थर लेक’ अशी नावे मिळाली. प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले आणि संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागांत ऊस उभा राहिला. त्याच पाण्यावर लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पहिला गळीत हंगाम १९५० चा. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास या चुन्याच्या भिंतीआड साठलेल्या पाण्याशी असा जोडलेला आहे.

२२/
पण चुन्याची गोष्ट बांधकाम संपल्यावर संपत नाही. पावसाचे मऊ पाणी धरणाच्या सांध्यांतून झिरपते, तेव्हा संयोग न पावलेला चुना विरघळवून बाहेर नेते. जुन्या धरणांच्या पाठीवर पांढरे ओघळ दिसतात, ते हेच. ज्या चुन्याचा सुरखीशी किंवा मातीच्या अंशाशी संयोग पूर्ण झाला, तो असा वाहून जात नाही. जो अर्धवट राहिला, तो वर्षानुवर्षे कणाकणाने निघून जातो. म्हणजे पहिल्या काही महिन्यांतील हलगर्जीचे मोल नातवंडांच्या पिढीला मोजावे लागते.

२३/
१९६९ साली भंडारदऱ्याच्या भिंतीला तडा गेल्याचे आणि गळती धोकादायकरीत्या वाढल्याचे आढळले. प्रवरेच्या काठी राहणाऱ्या माणसांसाठी ही बातमी किती भयाची असेल? पुण्याचा १२ जुलै १९६१ अजून सर्वांच्या स्मरणात होता : त्या दिवशी पानशेत फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खालचे जुने दगडी खडकवासलाही फोडले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेच्या धरणाला तडे गेल्याला दोन वर्षेही झाली नव्हती. अशा काळात तेथील अभियंत्यांसमोर त्रेचाळीस वर्षांचे चुन्याचे धरण उभे होते.

२४/
येथे न्यायाने बोलले पाहिजे. असा दोष एकट्या चुन्यावर ढकलणे चूक ठरेल. धरणाखाली आणि भिंतीच्या सांध्यांत शिरणारे पाणी भिंतीला वर उचलू पाहते. त्याला उत्थापक दाब म्हणतात. फ्रान्समध्ये १८९५ साली बूझी धरण फुटून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा या दाबाचे महत्त्व जगाला कळू लागले. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक धरणांच्या आराखड्यांत तो पुरेसा धरलेला नसे. सांधा जितका सच्छिद्र, तितके पाणी आत. पाणी जितके आत, तितका हा दाब अधिक. आराखडा आणि चुना यांची दुखणी अशी एकमेकांना वाढवतात.

२५/
भंडारदऱ्यावर उपाय झाला तो नव्या युगाच्या साधनांनी. पोलादी दोर भिंतीतून खाली खडकात नेऊन ताणले गेले आणि धरणाच्या पाठीला काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. केरळातील मुल्लपेरियार हे १८९५ चे चुना-सुरखीचे धरणही १९७९ नंतर साधारण अशाच मार्गाने, पोलादी दोर आणि काँक्रीटचा पाठीराखा थर देऊन, बळकट करण्यात आले. आज भंडारदऱ्याला गेलात तर भिंतीच्या पाठीचे ते टेकू अवश्य पाहा. जुन्या चुन्याचे आणि नव्या सिमेंटचे ते एकत्र कुटुंब आहे.

२६/
मग सिमेंट आल्यावर पाणी मारण्याची कटकट मिटली का? मुळीच नाही, उलट ती अधिक तातडीची झाली. सिमेंटचे बळ पहिल्या दिवसांत झपाट्याने वाढते आणि म्हणून त्याच दिवसांतील कोरड सर्वाधिक घातक ठरते. काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशी मोजतात, ती घनठोकळे पाण्यात ठेवून. तेच काँक्रीट उन्हात कोरडे सोडले तर त्याचे बळ निम्म्याच्या आसपास अडकू शकते. भारतीय मानक ४५६ सांगते : साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत निदान १० दिवस, आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवसांपर्यंत सतत ओल द्यावी. नगरच्या उन्हाळ्यात यांतील पहिला आकडा कुणी सांगितला तर त्याला दुसरा दाखवावा.

२७/
आणि जांभा? तोही काँक्रीटमध्ये आला. नायजेरियात १९७५ साली अडेपेग्बा या संशोधकाने वाळूऐवजी जांभ्याची बारीक माती घालून केलेल्या काँक्रीटची साध्या काँक्रीटशी तुलना प्रसिद्ध केली. जेथे नदीची वाळू महाग आणि जांभा पायाखाली, तेथे हा प्रश्न रोजीरोटीचा आहे. अडचण जुनीच : जांभा पाणी पितो, आणि त्यातील चिकणमाती सुकताना आकसते. म्हणून असे काँक्रीट लवकर वाळू दिले तर सिमेंट अर्धपोटी राहते आणि तडे जातात. हवेवर सुकवण्यापेक्षा पाण्यात ठेवणे किंवा ओल्या गोणपाटाखाली राखणे त्याला मानवते. वाफेने तापवले तर बळ लवकर येते, पण अंतिम बळ काहीसे कमी पडू शकते.

२८/
या संशोधनात एक धागा आपल्याला थेट निजामशाहीच्या घाणीकडे परत नेतो. जांभ्याच्या मातीत केओलिन या चिकणमातीचा अंश असतो. ती माती ठरावीक उष्णतेला भाजून दळली की ती चुन्याशी संयोग पावू लागते. म्हणजेच ती सुरखी होते! ज्याला बुकाननने विटेचा दगड म्हटले, त्यापासून विटेच्या भुकटीचे काम घेणे, हे आजच्या प्रयोगशाळांत नवे म्हणून तपासले जाते. वस्तू जुनीच आहे. मोजण्याची साधने नवी आहेत.

२९/
शेवटी एक खरा पेच. नगर जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागांत उन्हाळ्यात टँकरने पाणी येते. जेथे पिण्याला पाणी नाही तेथे भिंतीला कुठून द्यावे? यावर उपाय आहेत. स्लॅबवर मातीची आळी करून कमी पाण्यात ओल धरता येते. गोणपाट ओले करून वर प्लास्टिक अंथरले की वाफ उडत नाही. पृष्ठभागावर लेप फवारून आतले पाणी आतच कोंडता येते. पाणी वाचवण्यासाठी क्युरिंग वगळणे मात्र खोटी बचत आहे : कच्च्या टाकीतून, कच्च्या बंधाऱ्यातून त्याहून कितीतरी अधिक पाणी पुढे वर्षानुवर्षे गळून जाते.

३०/
चांदबीबीची ती रात्रीची भिंत जिंकली, कारण तिला एक दिवस तगायचे होते आणि तिच्यामागे ती स्वतः उभी होती. मोगलांनी तह केला, वऱ्हाड घेतले आणि वेढा उठवला. चार वर्षांनी, १६०० मध्ये, ती मारली गेली आणि किल्ला पडला. भंडारदऱ्याच्या भिंतीला मात्र पिढ्यान्‌पिढ्या तगायचे आहे. तिच्यावर विल्सन यांचे नाव आहे, जलाशयावर आर्थर यांचे. कोरड्या महिन्यांत डोक्यावर पाणी वाहून त्या थरांना ओले ठेवणाऱ्यांचे नाव कोठेच नाही. पुढच्या वेळी धरण भरल्याची बातमी वाचाल तेव्हा त्या हातांची आठवण असू द्या. आणि तुमच्या गावात एखादे काम सुरू असेल, तर सिमेंट कोणते आणले याबरोबर एवढेही विचारा : पाणी किती दिवस मारणार?

(धागा समाप्त. आपल्या गावातील जुनी चुन्याची घाणी, तट, बारव किंवा बंधारा ठाऊक असल्यास खाली जरूर लिहा.)